अमेरिकेतल्या काउंटीनिहाय बेरोजगारीचे आकडे कसे वाचायचे: ग्रामीण आणि मेट्रो तुलना, पायरीपायरीने

अमेरिकेतल्या बेरोजगारीवर मराठीत लिहिणारे विद्यार्थी, पत्रकार आणि तिथे नोकरी शोधणारी मंडळी एकच चूक पुन्हापुन्हा करतात. काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याखालचा स्थानिक प्रशासकीय विभाग) तक्ता उतरवून घ्यायचा, दराच्या रकान्यावर उतरती क्रमवारी लावायची, वरच्या दहा काउंट्यांना ‘संकटग्रस्त’ म्हणायचं, खालच्या दहांना ‘सुखी’. मग त्यातल्या ग्रामीण किती आणि शहरी किती ते मोजून निष्कर्ष लिहायचा. पाच मिनिटांचं काम, आणि निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा.

एक उदाहरण बघा. कॅलिफोर्निया राज्यात सर्वाधिक बेरोजगारी दर असलेली काउंटी कोणती? तक्ता फेब्रुवारीचा घेतला तर बहुधा कोलुसा येते आणि ऑगस्टचा घेतला तर इम्पीरियल. दोन्ही शेतीच्या काउंट्या आहेत. कोलुसा उत्तरेकडे आहे, तिथे भात, टोमॅटो आणि बदाम पिकतात आणि हिवाळ्यात शेतावर काम नसतं. इम्पीरियल मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. तिथे लेट्यूससारख्या भाज्यांची काढणी हिवाळ्यात होते, त्यामुळे काम आटतं ते उन्हाळ्यात. आणखी एक गोष्ट अशी की अमेरिकी सरकारच्या वर्गीकरणात कोलुसा बिगरमेट्रो, म्हणजे ढोबळमानाने ग्रामीण आहे, तर इम्पीरियल मेट्रो, म्हणजे शहरी. म्हणजे ‘ग्रामीण भागात बेरोजगारी जास्त की शहरी भागात’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणता महिना उघडलात यावर बदलू शकतं.

खालचा क्रम मी स्वतः वापरतो. पायऱ्या गाळू नका आणि त्यांचा क्रम उलटवू नका. विशेषतः तिसरी पायरी चौथीच्या आधीच करा.

## तयारी: फाइल उघडण्याआधी

चार साधनं लागतील, चारही मोफत आहेत.

अमेरिकी श्रम सांख्यिकी विभाग, म्हणजे बीएलएस, दर महिन्याला ‘लोकल एरिया अनएम्प्लॉयमेंट स्टॅटिस्टिक्स’ ही मालिका काढतो. तिचं लघुरूप एलएयूएस. प्रत्येक काउंटीची श्रमशक्ती (कामात असलेले आणि काम शोधणारे मिळून), रोजगारातले लोक, बेरोजगार आणि दर (बेरोजगार भागिले श्रमशक्ती) असे चार आकडे त्यात असतात. हाच तुमचा मुख्य तक्ता.

दुसरं साधन बीएलएसचीच क्यूसीईडब्ल्यू, म्हणजे ‘क्वार्टर्ली सेन्सस ऑफ एम्प्लॉयमेंट अँड वेजेस’ ही तिमाही मालिका. मालक बेरोजगारी विम्यासाठी नोकऱ्या आणि पगारांची जी विवरणपत्रं भरतात त्यांवरून ती तयार होते, आणि देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या तिच्यात येतात. तिसरं साधन जनगणना विभागाचं ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’. चौथं कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन सेवेची ग्रामीण-शहरी वर्गीकरणाची यादी.

साध्या स्प्रेडशीटवर सगळं भागतं. हवी ती फक्त एक रिकामी वही, कारण कोणत्या तारखेला कोणती फाइल उतरवली हे लिहून ठेवावं लागतं. एलएयूएसचे ताजे आकडे तात्पुरते असतात. पुढच्या महिन्यात ते सुधारतात आणि दरवर्षी मागच्या काही वर्षांचे आकडेही नव्याने बसवले जातात. मार्चमध्ये उतरवलेली फाइल आणि जूनमध्ये उतरवलेली फाइल एकाच तक्त्यात जोडलीत, तर फरक अर्थव्यवस्थेत पडला की हिशेबात, ते कळणार नाही.

तपासा: एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून संपूर्ण कालावधीची फाइल घेतली आहे ना? नसेल तर जुनी टाकून द्या आणि सगळं पुन्हा उतरवा.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘ग्रामीण अमेरिकेतली बेरोजगारी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो: २०१९ ते २०२४ या काळात ओहायोतल्या बिगरमेट्रो काउंट्यांमध्ये राहणाऱ्या लोकांचा रोजगार वाढला का, आणि मेट्रो काउंट्यांच्या तुलनेत किती? या वाक्यात काळ आहे, जागा आहे आणि ‘राहणाऱ्या लोकांचा’ हे शब्द आहेत. ते शब्द का हवेत ते नवव्या पायरीत येईल. तोवर वाक्य वहीच्या पहिल्या पानावर राहू द्या.

## २. बेरोजगार कोणाला म्हणतात ते पक्कं करा

अमेरिकेत १६ वर्षं आणि त्याहून मोठी व्यक्ती बेरोजगार धरली जाते ती तीन अटींवर: तिच्याकडे काम नाही, ती काम करायला उपलब्ध आहे आणि मागच्या चार आठवड्यांत तिने कामासाठी प्रत्यक्ष खटपट केली आहे. तात्पुरती घरी बसवलेली आणि परत बोलावण्याची वाट पाहणारी माणसंही त्यात धरतात. महिन्याची १२ तारीख ज्या आठवड्यात येते, तो मोजणीचा आठवडा. त्या आठवड्यात पगारासाठी किंवा स्वतःच्या धंद्यात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात गेला.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की बेरोजगारी भत्ता घेतात तेवढेच बेरोजगार. तसं नाही. भत्त्याची मुदत संपलेला, भत्त्याला पात्रच नसलेला, पहिल्यांदाच नोकरी शोधणारा पदवीधर हे सगळे मोजले जातात. नागरिकत्वाची अटही नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेला आपला मराठी अभियंता नोकरी गेल्यावर तिथेच राहून शोधात असेल, तर व्याख्येप्रमाणे बेरोजगारच आहे.

शोध सोडून दिलेला माणूस मात्र मोजणीतूनच बाहेर पडतो. तो बेरोजगारही नाही आणि श्रमशक्तीतही नाही. हे वाक्य वहीत ठळक लिहा, ग्रामीण काउंट्यांच्या निम्म्या चुका इथून निघतात.

आणखी एक गोष्ट. देशाचा दर दरमहा सुमारे ६० हजार कुटुंबांच्या पाहणीतून येतो आणि काउंट्या व त्यांच्या समकक्ष विभागांची संख्या ३,१४४ आहे. सरासरीने एका काउंटीच्या वाट्याला वीस कुटुंबंही येत नाहीत. त्यामुळे काउंटीचा आकडा थेट पाहणीतून येतच नाही. भत्त्याचे दावे, नोकऱ्यांच्या नोंदी, लोकसंख्येचे अंदाज यांवरून तो बांधला जातो आणि राज्याच्या एकूण आकड्याशी जुळवला जातो. तो अंदाज आहे हे विसरू नका.

सावधान: २०२५च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ठप्प असल्यामुळे कुटुंब पाहणी झालीच नाही. त्या महिन्याची रिकामी जागा सप्टेंबर आणि नोव्हेंबरची सरासरी टाकून भरू नका. रिकामी ठेवा आणि तशी टीप द्या.

## ३. मेट्रो आणि ग्रामीण ही विभागणी आधीच गोठवा

‘मेट्रो काउंटी’ म्हणजे उंच इमारतींची काउंटी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात किमान ५० हजार वस्तीचं नागरी क्षेत्र ज्या काउंटीत आहे ती मध्यवर्ती मेट्रो काउंटी, आणि जिथून मोठ्या संख्येने लोक रोज तिकडे कामाला जातात त्या शेजारच्या काउंट्याही त्याच गटात. काउंटीचे तुकडे होत नाहीत. ती संपूर्ण मेट्रो असते किंवा संपूर्ण बिगरमेट्रो.

याचे परिणाम चमत्कारिक असतात. कॅलिफोर्नियाची सॅन बर्नार्डिनो काउंटी अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत क्षेत्रफळाने सर्वांत मोठी. तिचा बहुतेक भाग मोहावे वाळवंट, तरी ती मेट्रो. ॲरिझोनातल्या ज्या कोकोनिनो काउंटीत ग्रँड कॅन्यन आहे, तीही फ्लॅगस्टाफ शहरामुळे मेट्रो. इम्पीरियल मेट्रो आहे ती एल सेंट्रोमुळे. तेव्हा ‘मेट्रो’ वाचून नोकऱ्या ऑफिसात आणि ‘बिगरमेट्रो’ वाचून नोकऱ्या शेतात असं धरून चालू नका.

कृषी खात्याच्या यादीत प्रत्येक काउंटीला १ ते ९ असा क्रमांक दिलेला असतो. १ ते ३ मेट्रो, ४ ते ९ बिगरमेट्रो. १ म्हणजे दहा लाखांहून मोठ्या महानगर क्षेत्रातली काउंटी. शक्य असेल तेव्हा हे नऊ गट वापरा. मोठ्या महानगराला चिकटलेली बिगरमेट्रो काउंटी आणि कुठल्याच शहराजवळ नसलेली बिगरमेट्रो काउंटी यांचं दुखणं वेगळं असतं.

आता या पायरीतली मोठी चूक. ही यादी दर दहा वर्षांनी बदलते: २००३, २०१३, २०२३. मधल्या काळात ज्या ग्रामीण काउंटीत उद्योग आले, वस्ती वाढली, ती नव्या यादीत मेट्रो होते. म्हणजे ग्रामीण गटातली भरभराटीची काउंटी उचलून शहरी गटात ठेवली जाते, आणि मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप खालावते. जुन्या वर्षांना जुनी यादी आणि नव्या वर्षांना नवी यादी लावून आलेख काढलात, तर ‘ग्रामीण अमेरिकेची घसरण’ काही अंशी तुम्ही स्वतःच घडवलेली असते.

तपासा: एका वर्षाची यादी निवडा, तीच संपूर्ण कालावधीला लावा आणि कोणत्या वर्षाची आहे ते तक्त्याखाली लिहा.

## ४. फाइल जोडताना कोड जपा

काउंट्या नावाने जोडू नका. वॉशिंग्टन नावाच्या काउंट्या तीसच्या आसपास राज्यांत आहेत. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो, आणि व्हर्जिनियात ३८ शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत, तीच काउंटीच्या जागी मोजली जातात. जोडणी पाच आकडी कोडानेच करा. त्यात पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे असतात.

इथे स्प्रेडशीट घात करते. इम्पीरियलचा कोड ०६०२५. स्तंभ ‘संख्या’ म्हणून उघडला की पुढचं शून्य गळतं आणि उरतो ६०२५. दोन फाइलींपैकी एकीत शून्य राहिलं आणि दुसरीत गेलं, तर शून्याने सुरू होणाऱ्या सात राज्यांच्या ओळी जोडल्याच जात नाहीत: अलाबामा, अलास्का, ॲरिझोना, आर्कान्सा, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि कनेटिकट. कुठलीही धोक्याची सूचना येत नाही. कॅलिफोर्निया नसलेली ‘मेट्रो अमेरिका’ घेऊन तुम्ही पुढे जाता. म्हणून फाइल उघडतानाच कोडाचा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून आयात करा.

बीएलएसच्या डेटाबेसमधून एकेक मालिका घेत असाल, तर मालिकेच्या लांबलचक कोडातले शेवटचे दोन आकडे बघा. ०३ म्हणजे दर, ०४ बेरोजगार, ०५ रोजगारातले लोक, ०६ श्रमशक्ती. फक्त ०३ उतरवणारे सहाव्या पायरीवर अडतात. चारही घ्या.

तपासा: जोडणीनंतर ओळी मोजा. टेक्सासच्या २५४ भरायला हव्यात. तेवढ्या असतील आणि कॅलिफोर्नियाच्या ५८ असतील, तर पुढे चला.

## ५. हंगाम आधी वेगळा काढा

देशाचा आणि राज्यांचा दर बातम्यांत येतो तो हंगामी चढउतार वजा करून. काउंट्यांच्या आकड्यांतून तो वजा केलेला नसतो. हे फाइलीवर लिहिलेलंही असतं, बीएलएसच्या मालिकेच्या कोडातलं तिसरं अक्षर ‘यू’ त्याचीच खूण आहे. तरी लोक राज्याचा हंगामविरहित दर आणि काउंटीचा कच्चा दर शेजारी शेजारी मांडतात. तुलना तिथेच मोडते.

कोलुसा आणि इम्पीरियल तुम्ही पाहिल्याच. पर्यटनाच्या काउंट्यांचं चक्र आणखी निराळं. कोलोरॅडोतल्या समिट काउंटीत स्कीइंगचा हंगाम ऐन भरात असताना माणसं मिळत नाहीत, आणि बर्फ वितळून उन्हाळी पर्यटक यायच्या आत, एप्रिल-मेमध्ये, दर वर चढतो. शाळेचे कर्मचारी उन्हाळ्यात, दुकानातले तात्पुरते कामगार जानेवारीत, बांधकाम मजूर उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत असे प्रत्येकाचे महिने ठरलेले असतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. त्या दिवसांत तिथे जाऊन कोणी वर्षभराचा निष्कर्ष काढला, तर तुम्ही त्याला थांबवाल. इथेही स्वतःला थांबवा.

ग्रामीण काउंटीत एकदोनच उद्योग असतात, त्यामुळे तिथला हंगाम जास्त धारदार दिसतो. महानगरात शंभर उद्योगांचे शंभर हंगाम एकमेकांना सावरून घेतात. म्हणूनच हंगाम न काढता केलेली तुलना सरसकट ग्रामीण भागावर अन्याय करते, किंवा चुकीच्या महिन्यात त्याला भलतंच चांगलं दाखवते.

उपाय दोनच आहेत, आणि तेवढे पुरतात. अलीकडचा बदल पाहायचा असेल तर या वर्षीचा महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. लांबचा कल पाहायचा असेल तर वार्षिक सरासरी घ्या किंवा बारा महिन्यांची सरकती सरासरी काढा. सरासरी काढताना दरांची काढू नका. बारा महिन्यांचे बेरोजगार आणि बारा महिन्यांची श्रमशक्ती यांची काढा आणि मग भागाकार करा.

सावधान: ‘गेल्या महिन्यापेक्षा दर दोन टक्क्यांनी घटला’ हे वाक्य काउंटीच्या कच्च्या आकड्यावरून कधीही लिहू नका. दर ८ वरून ६ झाला तर तो दोन टक्के नव्हे, दोन टक्केबिंदूंनी घटला, हेही ध्यानात असू द्या.

## ६. आधी बेरीज, मग भागाकार

टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत ६४ माणसं होती. लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी १४ हजार. तक्त्यात दोघींना एकेकच ओळ मिळते. दराच्या स्तंभाची साधी सरासरी काढली की दोघींचं वजन सारखंच होतं.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या काउंटीची श्रमशक्ती ५ लाख, बेरोजगार २० हजार, दर ४ टक्के. दुसरीची श्रमशक्ती २ हजार, बेरोजगार २००, दर १० टक्के. दरांची सरासरी ७ येते. खरा एकत्रित दर म्हणजे २०,२०० भागिले ५,०२,०००, म्हणजे ४.०२ टक्के. ७ आणि ४ मधली ही दरी म्हणजे निव्वळ हिशेबाची चूक, पण मथळा तिच्यावर बेतला जातो.

म्हणून प्रत्येक गटासाठी बेरोजगारांची बेरीज करा, श्रमशक्तीची बेरीज करा, शेवटी भागा.

लहान काउंट्यांचे दशांशही उगाळू नका. श्रमशक्ती ४०० असेल तर एका माणसाने दर पाव टक्केबिंदू हलतो. तिथे ३.२ वरून ३.७ म्हणजे दोन माणसं. अशा काउंट्या स्वतंत्रपणे न मांडता शेजारच्या सारख्या काउंट्यांबरोबर गट करून मांडा.

## ७. दर खाली आला तो कशामुळे

मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हीच सर्वांत जास्त गाळली जाते.

दर हा अपूर्णांक आहे. वरचा आकडा घटला तरी तो उतरतो, आणि माणसं गाव सोडून गेली किंवा शोध थांबवून बसली तरीही उतरतो. पुन्हा काल्पनिक आकडे: पाच वर्षांपूर्वी श्रमशक्ती ८,०००, बेरोजगार ४८०, दर ६ टक्के. आज श्रमशक्ती ७,६००, बेरोजगार ३८०, दर ५ टक्के. सुधारणा झाली? रोजगारातले लोक काढून बघा: तेव्हा ७,५२०, आज ७,२२०. तीनशे माणसांचं काम गेलं आणि दर सुधारला.

ग्रेट प्लेन्समधल्या, म्हणजे नेब्रास्का आणि दोन्ही डकोटांतल्या, अनेक ग्रामीण काउंट्यांचा दर वर्षानुवर्षं कमालीचा कमी असतो. क्रमवारीत त्या ‘उत्तम’ ठरतात. तिथली तरुण मंडळी शिक्षणासाठी बाहेर पडतात आणि कामालाही बाहेरच राहतात. ज्याला काम मिळालं नाही तो तिथे बसून राहत नाही, त्यामुळे तिथल्या बेरोजगारांत तो कधी दिसत नाही. एच-वन-बीवाल्या अभियंत्याचंही तेच. नोकरी गेल्यावर नवी नोकरी शोधायला मिळणारी साठ दिवसांची मुदत संपत आली आणि तो पुण्याला परतला, की त्याच्या काउंटीचा दर किंचित सुधारतो.

त्यामुळे प्रत्येक काउंटीसाठी दराच्या शेजारी आणखी दोन स्तंभ घाला, रोजगारातल्या लोकांमधला बदल आणि श्रमशक्तीमधला बदल. दर उतरला आणि रोजगार वाढला, तर सुधारणा म्हणा. दर उतरला, रोजगार घटला आणि श्रमशक्ती त्याहून जास्त घटली, तर त्याला ओसरणं म्हणा. दर चढला पण रोजगारही वाढला, तर लोक कामाच्या आशेने तिथे येत असतील, त्याला संकट म्हणण्याची घाई नको.

२००८च्या मंदीनंतर हाच फरक देशभर दिसला. बिगरमेट्रो काउंट्यांचा बेरोजगारी दर पुढच्या दहा वर्षांत मेट्रोच्या जवळ आला, पण त्यांचा एकूण रोजगार २०१९ पर्यंत मंदीपूर्वीच्या पातळीला पोचलाच नव्हता. मेट्रो काउंट्यांनी ती पातळी कधीच ओलांडली होती. फक्त दराचा आलेख काढणाऱ्यांना दोन्ही रेषा शेजारी दिसल्या आणि त्यांनी ‘दरी मिटली’ असं लिहिलं.

तपासा: निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्यात दराबरोबर माणसांची संख्याही आहे का?

## ८. मोजणीबाहेरची माणसं शोधा

वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी कोळशाची. १९५० साली तिथे ९८,८८७ लोक होते, २०२० साली १९,१११. खाणी यंत्रांच्या हाती गेल्या, मग बंद पडत गेल्या. कामाच्या वयाचे असंख्य लोक आज कामही करत नाहीत आणि शोधतही नाहीत, कारण शोधण्यासारखं जवळपास काही नाही, आणि पुष्कळांची तब्येत खाणीने आधीच मोडलेली आहे. अशा ठिकाणी बेरोजगारी दर दुखण्याचा छोटासा भागच दाखवतो. तिथे श्रमशक्ती सहभाग दर बघावा लागतो, म्हणजे लोकसंख्येपैकी किती जण कामात किंवा कामाच्या शोधात आहेत.

लगेच दुसरी चूक होते. फ्लोरिडाच्या समटर काउंटीचाही सहभाग दर अतिशय कमी आहे. तिथे ‘द व्हिलेजेस’ नावाची निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे आणि काउंटीतले निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. ते गोल्फ खेळतात, नोकरी शोधत नाहीत. मॅकडॉवेल आणि समटर यांना एका रांगेत बसवलंत, तर तक्ता निरर्थक होतो.

यावर उपाय २५ ते ५४ हा वयोगट. शिक्षण बहुतेक संपलेलं, निवृत्ती लांब. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून या वयोगटाचा सहभाग किंवा रोजगाराचं प्रमाण काढा. समटरमधले निवृत्त हिशेबातून बाजूला होतात, मॅकडॉवेल तशीच खाली राहते.

हा सर्व्हे वापरताना तीन खड्डे टाळा.

पहिला: ६५ हजारांहून कमी लोकसंख्येच्या काउंट्यांसाठी एका वर्षाचे आकडे मिळत नाहीत, पाच वर्षांचा एकत्रित अंदाज मिळतो. बहुतेक ग्रामीण काउंट्या त्यातच मोडतात. २०१८-२०२२ आणि २०१९-२०२३ या दोन संचांची तुलना करू नका, त्यांत चार वर्षं सामाईक आहेत. एकमेकांवर न चढणारे संच घ्या.

दुसरा: प्रत्येक अंदाजाशेजारी त्रुटीची मर्यादा छापलेली असते. ती वगळून उतरवू नका. छोट्या काउंटीत ती इतकी रुंद असते की दोन वर्षांतला फरक तिच्यातच बुडतो.

तिसरा तुरुंगांचा. पुष्कळ ग्रामीण काउंट्यांमध्ये मोठे तुरुंग आहेत आणि कैद्यांची गणना त्या काउंटीच्या लोकसंख्येत होते. बेरोजगारीच्या मोजणीत मात्र कैदी नसतात. एलएयूएसमधली श्रमशक्ती वर ठेवून जनगणनेतली सोळा वर्षांवरची लोकसंख्या खाली ठेवली, तर काउंटीतले मोकळे लोक आहेत त्यापेक्षा निष्क्रिय दिसतात. अंश आणि छेद एकाच ठिकाणाहून घ्या, आणि तुरुंग असलेल्या काउंटीला तारांकित करून तशी टीप द्या.

## ९. राहण्याची जागा आणि कामाची जागा

एलएयूएस माणसाला तो राहतो तिथे मोजतं. क्यूसीईडब्ल्यू नोकरीला ती जिथे आहे तिथे मोजतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून रोज रेल्वेने मॅनहॅटनला जाणाऱ्या मराठी माणसाचा रोजगार एलएयूएसमध्ये मिडलसेक्स काउंटीत दिसेल, आणि त्याची नोकरी क्यूसीईडब्ल्यूमध्ये न्यूयॉर्क काउंटीत. दोन नोकऱ्या करणारा माणूस पहिल्यात एकदा येतो, दुसऱ्यात दोनदा. म्हणून दोन्ही तक्त्यांतले आकडे जुळत नाहीत यावरून कोणीतरी चुकलं असं समजू नका.

लव्हिंग काउंटी तेलाच्या पट्ट्यात आहे. तिथे कामाला येणारे जवळजवळ सगळे बाहेरून येतात, त्यामुळे नोकऱ्या रहिवाशांपेक्षा जास्त भरतात. इम्पीरियलमध्ये सीमेपलीकडच्या मेक्सिकालीतून रोज पहाटे रांगा लावून शेतमजूर येतात. ते काउंटीत राहत नाहीत, म्हणून एलएयूएसच्या रोजगारात नाहीत. पीक काढणारे हात त्या तक्त्यात दिसतच नाहीत.

काउंटीत नोकऱ्या निर्माण झाल्या का, असा प्रश्न असेल तर क्यूसीईडब्ल्यू वापरा. काउंटीतल्या कुटुंबांना काम मिळालं का, असा असेल तर एलएयूएस. पहिल्या पानावर ‘राहणाऱ्या लोकांचा’ असं लिहायला लावलं होतं ते यासाठी. कुठल्या काउंटीतून कुठे लोक जातात ते बघायला जनगणना विभागाचं ‘ऑन द मॅप’ हे साधन सोपं आहे.

सावधान: क्यूसीईडब्ल्यूमध्ये स्वतःचा धंदा करणारे येत नाहीत आणि शेतावरच्या कामगारांपैकी बरेच वगळले जातात. शिवाय एखाद्या उद्योगात एकदोनच कंपन्या असतील तर गोपनीयतेसाठी आकडा दाबून ठेवतात. ती रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. स्प्रेडशीट बेरीज करताना तिला शून्यच धरेल आणि छोट्या ग्रामीण काउंटीतला एकमेव कारखाना तुमच्या तक्त्यातून नाहीसा होईल.

## १०. कारण लिहिण्याआधी उद्योग बघा

‘ग्रामीण असल्यामुळे’ किंवा ‘शहरी असल्यामुळे’ हे कारण म्हणून क्वचितच टिकतं. इंडियानातली एल्कहार्ट काउंटी मेट्रो आहे, पण ती जगते एका उद्योगावर: फिरत्या घरांच्या गाड्या बनवण्यावर. २००९च्या मंदीत तिचा दर १५ टक्क्यांच्या वर गेला आणि पुढे गाड्यांची मागणी परतल्यावर देशातल्या सर्वांत कमी दरांच्या रांगेत आला. २०२०च्या एप्रिलमध्ये देशाचा दर १४.८ टक्के असताना लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे तो ३० टक्क्यांच्या वर होता. हॉटेलं आणि कॅसिनो बंद झाल्यावर एवढं मोठं महानगर एका झटक्यात बसलं. त्या महिन्यात मेट्रो काउंट्यांचा एकत्रित दर ग्रामीण काउंट्यांपेक्षा जास्त होता.

कृषी खातं काउंट्यांची त्यांच्या मुख्य अर्थाधारानुसारही यादी देतं: शेती, खाण, कारखानदारी, सरकारी नोकऱ्या, पर्यटन, आणि कोणताही एक आधार नसलेल्या. तुमच्या तक्त्यात हा स्तंभ घाला आणि तुलना मेट्रो-ग्रामीण अशी न करता, मेट्रोतली कारखानदारी आणि ग्रामीण कारखानदारी अशी करून बघा. दरी बरीच कमी झाली तर कारण उद्योगात होतं. तेवढीच राहिली तर अंतर, शिक्षण, वाहतूक यांकडे वळा.

## ११. महाराष्ट्राशी तुलना करायची झाली तर

मराठी लेखात हा परिच्छेद हमखास येतो, आणि बहुधा तोच सर्वांत कच्चा असतो. आपल्याकडच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, २०२३-२४ साली १५ वर्षांवरच्या लोकांचा बेरोजगारी दर देशात ३.२ टक्के होता, ग्रामीण भागात २.५ आणि शहरी भागात ५.१. हे आकडे ‘नेहमीच्या स्थिती’चे आहेत, म्हणजे मागचं अख्खं वर्ष विचारात घेऊन काढलेले. अमेरिकेचा दर एका आठवड्यावर आधारलेला असतो. दोन्ही एका ओळीत मांडता येत नाहीत. तुलना करायचीच असेल, तर पीएलएफएसमधला ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा आकडा घ्या. एप्रिल २०२५ पासून तो दरमहा मिळतो.

तरीही एक फरक उरतोच. घरच्या शेतावर बिनपगारी राबणारी सून आपल्याकडे आठवड्यात एक तास काम केलं तरी रोजगारात धरली जाते. अमेरिकेत घरच्या धंद्यातल्या बिनपगारी माणसाला आठवड्याला किमान १५ तास भरावे लागतात. आपला ग्रामीण दर इतका कमी दिसण्यामागे घरच्या शेतीत सामावलेले हे हात आहेत. ते न सांगता ‘अमेरिकेपेक्षा आपल्या खेड्यांत बेरोजगारी कमी’ असं लिहिणं म्हणजे त्या बाईच्या बिनपगारी कष्टांना नोकरी म्हणणं.

काउंटी म्हणजे जिल्हा असंही समीकरण मांडू नका. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि एकेकाची लोकसंख्या अनेक लाखांची आहे. एकट्या टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, आणि त्यांतल्या कित्येकींत आपल्या एका मोठ्या गावाएवढेही लोक नाहीत.

## छापायला देण्याआधी

तक्त्याखाली चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: फाइल उतरवल्याची तारीख, वर्गीकरणाच्या यादीचं वर्ष, आकडे कच्चे की सरासरीचे, आणि गाळलेल्या किंवा रिकाम्या ठेवलेल्या काउंट्या कोणत्या. मग क्रमवारीतली वरची तीन आणि खालची तीन नावं घ्या. प्रत्येकीसाठी रोजगारातल्या लोकांचा पाच वर्षांचा आकडा समोर ठेवा आणि नकाशावर तिच्या शेजारी काय आहे ते बघा. सहापैकी एकीचंही स्थान तुम्हाला समजावून सांगता येत नसेल, तर तिसऱ्या पायरीपासून पुन्हा तपासा. बहुतेक वेळा एखादा कोड गळालेला असतो किंवा महिना चुकलेला असतो.